म्हैसमाळ पकडणारा डबा

टीव्हीवाले आमच्या वावरात आले तेव्हा पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, काही उरलं नव्हतं. असे लोक नेमके तेव्हाच येतात. गुलाबी बोंडअळीचं ते वर्ष. बोंड बाहेरून हिरवंगार, टपोरं दिसायचं. फोडलं की आत कापूस सडून त्याची कवडी झालेली, आणि त्या कवडीत गुलाबी अळी सुखानं पडलेली. ‘ही बीटी आहे, हिला अळी लागतच नाही’ असं सांगून ज्यांनी आम्हाला सरकी दिली, त्यांच्यातला एकही माणूस त्या दिवसांत बांधावर फिरकला नाही. फिरकले ते कॅमेरावाले.

आमचं गाव धाडपासून जवळच. मी तेव्हा गावातल्या अंगणवाडीवर होते. माझे यजमान धाड-बुलढाणा रस्त्यावर जीप चालवायचे. थोरले दीर पुण्याकडे एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते आणि दिवाळीला पाहुण्यासारखे यायचे. शेत नावाला दोन्ही भावांचं होतं, करायच्या मात्र माझ्या जाऊबाई. नांगरटीपासून वेचणीपर्यंत सगळ्या गोष्टी त्यांनाच बघाव्या लागत. जाऊबाईंना कोणाबद्दल बरं बोलताना मी क्वचितच ऐकलं. त्या जे वाईट बोलायच्या ते बहुतेक वेळा खरं निघायचं, म्हणून गावाला त्या आवडत नसत. मला आवडायच्या.

टीव्हीवाले तिघे होते. त्यातला माइक धरणारा पोरगेला माणूस पऱ्हाटीत शिरताना पँट दोन बोटांनी वर धरून चालत होता. त्यानं जाऊबाईंना उभं केलं आणि म्हणाला, “मावशी, एक बोंड फोडून दाखवा आणि सांगा काय झालं.”

जाऊबाईंनी बोंड फोडलं, अळी हातावर घेतली आणि बोलायला लागल्या. मी बांधावर उभी राहून सगळं ऐकलं. त्या रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. सरकीची कोणती थैली घेतली, ती देताना दुकानदार काय बोलला, फवारणी कधी केली, कृषी खात्याचा माणूस कधी आला आणि रस्त्यावरच गाडी उभी करून कसा निघून गेला, सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “आमाले फुकटचं काई नको. ज्यानं खोटं सांगतलं त्याले इथी आणून उभं करा अन् त्यालेच इचारा.”

माइकवाल्यानं “छान, छान” म्हटलं. तिथून ते कृषी केंद्रवाल्याच्या दुकानात गेले, म्हणजे ज्याला आणून उभं करा असं जाऊबाई म्हणाल्या होत्या, त्याच्याकडेच. तिथं पंख्याखाली बसून त्यांनी चहा घेतला आणि त्याचीही मुलाखत केली.

निघताना मी माइकवाल्याला विचारलं, “कधी दाखवणार?”

“संक्रांतीनंतर. संध्याकाळी, शेतीच्या कार्यक्रमात. पण ताई, डिशच्या छत्रीवर नाही दिसणार हं. हा आमचा स्थानिक कार्यक्रम आहे, फक्त औरंगाबादकडच्या म्हैसमाळच्या टॉवरवरून जातो. अँटिना लागेल. आता तेही डिजिटल झालंय, तर डबा वेगळा लागेल.”

“आमच्या गावात येईल का?”

“अवघड आहे,” तो म्हणाला आणि गाडीत बसला. म्हणजे ज्यांच्यावर कार्यक्रम, त्यांना तो दिसणार नाही हे त्याला आधीपासून माहीत होतं. त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

जाऊबाई घरी आल्या त्या ठरवूनच. “मले पाह्यचं हाय. मी काय बोलली अन् यायनं काय ठेवलं, ते मले पाह्यचं हाय.”

गावात तेव्हा घरोघरी छत्र्या होत्या. अँटिना कोणाच्याच घरावर नव्हता. एकेकाळी होते, उंच बांबूवर, लांब काड्यांचे. पडद्यावर मुंग्या दिसायच्या आणि मुंग्यांतून बातम्या वाचणारी बाई दिसायची. मग छत्र्या आल्या आणि त्या काड्यांचे लोकांनी कपडे वाळत घालायचे दांडे केले.

पहिला डबा आम्हाला कृषी केंद्रवाल्यानंच दिला. हा माणूस सरकी, खत, औषध विकायचाच, शिवाय मोबाइलचे सिमकार्ड, पाण्याच्या टाक्या आणि छत्रीचे डबेही विकायचा. ज्या वस्तूबद्दल त्याला काही माहीत नसे, ती तो जास्त जोरात विकायचा. म्हैसमाळचं केंद्र पकडायचं आहे असं मी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं आधी छत्रीचंच गुणगान केलं. “अँटिना म्हणजे भंगार हो ताई. तो जमाना गेला.” मी ऐकत नाही असं पाहून त्यानं कपाटातून एक डबा काढला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘डिजिटल’ लिहिलेलं होतं.

“हा डिजिटल हाय. तुम्हाले डिजिटलच पाह्यजे ना? मंग झालं. गॅरंटी.”

घरी येऊन मी डब्याच्या मागचं नीट वाचलं. तो छत्रीचाच डबा होता. अँटिन्याची वायर त्यात खुपसून टाकता येत होती, पण त्यातून म्हैसमाळ काय, शेजारच्या गावचा भोंगासुद्धा आला नसता. छत्रीचा डबा वेगळा, केबलचा वेगळा, आणि उंच टॉवरवरून हवेतून येणारं पकडणारा डबा तिसराच असतो. तिघांवरही ‘डिजिटल’ असंच लिहिलेलं असतं. हे मला त्याच दिवशी कळलं आणि केंद्रवाल्याला ते बहुधा आजही कळलेलं नसेल.

जाऊबाई डबा परत द्यायला गेल्या. मी सोबत होते.

“भाऊ, हा छत्रीचा हाय.”

“वहिनी, डिजिटल म्हंजे डिजिटल.”

“सरकीच्या थैलीवरही बीटी लिवेल होतं,” जाऊबाई म्हणाल्या.

दुकानात गिऱ्हाईक होतं. केंद्रवाल्यानं डबा ठेवून घेतला.

मग आम्ही धाडच्या बाजारात गेलो. तिथं एका चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान होतं. दुरुस्ती आता नावालाच, सगळा धंदा मोबाइलच्या काचांचा आणि चार्जरचा. चाचांना हा नवा धंदा मुळीच आवडत नसे, आणि जुन्या धंद्याची गिऱ्हाइकंही आवडत नसत. आम्ही काय हवं ते सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं.

“ताई, सगळी दुनिया छत्रीवर गेली, मोबाइलवर गेली. तुम्ही उलट्या कायले चालल्या?”

“आमचा कार्यक्रम लागणार हाय,” जाऊबाई म्हणाल्या.

चाचा हसले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांनी माळ्यावरून एक अँटिना काढला. लांब काड्यांचा, जुना. मग स्वतःच मान हलवली. “हा नाही चालणार. हा जुन्या चॅनलचा. नव्याला बारक्या काड्यांचा लागते, आखूड आखूड, दाट लावलेला.” तो त्यांच्याकडे नव्हता. त्यांचा भाचा औरंगाबादला दुकानात होता. त्याला फोन करून तसला अँटिना आणि डबे बसनं पाठवायला सांगतो म्हणाले.

“डबे दोन-तीन तऱ्हेचे मागवा,” मी म्हटलं. “लावून बघू. जो चालेल तो ठेवू, बाकीचे परत.”

“परत?” चाचांचा आवाज चढला. “मी काय बांगड्या इकून राह्यलो का, घालून पाह्याले?”

“बांगड्या घालून पाहूनच घेतो आमी,” जाऊबाई म्हणाल्या. “लुगडं पाहून घेतो, बैल चालवून पाहून घेतो. एक सरकीच अशी हाय का जी पाहून घेता येत नाई. तुमचा डबा काय सरकी हाय का?”

चाचांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “चलो. मी स्वतः येतो लावायला. पण नाही आलं तर मला शिव्या देऊ नका.”

ते बाजार नसलेल्या दिवशी आले. भाच्यानं बारक्या काड्यांचा अँटिना आणि दोन डबे पाठवले होते. एक काळा, जड, पत्र्याचा, समोर निळे दिवे. त्याच्या रिमोटवर इतकी बटणं की अर्ध्यांचा उपयोग चाचांनाही सांगता येईना. त्यात पेनड्राइव्ह लावून गाणी वाजायची. दुसरा प्लॅस्टिकचा, साबणाच्या डबीएवढा, एका बाजूला थोडा वाकलेला. आजूबाजूच्या बाया जमल्या त्या काळा डबा पाहून. माझ्या यजमानांनीही जीप उभी करून तोच हातात घेतला. “हा घ्या. यात गाणे वाजतात.” कार्यक्रम कशासाठी, डबा कशासाठी, याचा त्यांना पत्ताच नव्हता. पुरुषांना वस्तू विकत घ्यायची म्हटली की ती कशासाठी घ्यायची आहे हे सगळ्यात आधी विसरायला होतं.

जाऊबाई छतावर चढल्या. चाचांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते अंगणात उभे राहून सांगत होते. मी आत टीव्हीसमोर. बांबूऐवजी आम्ही बोअरच्या पाइपचा उरलेला तुकडा वापरला.

काळा डबा आधी लावला. त्याचं काम एकच. बटण दाबलं की तो आपलाच शोधत बसायचा. बऱ्याच वेळानं पडद्यावर लिहायचा, काही सापडलं नाही. बस्स. अँटिना थोडा चुकला की बराच चुकला, डावीकडे फिरवू की उजवीकडे, काहीच सांगायचा नाही. पूर्वी मुंग्या तरी दिसायच्या. मुंग्या कमी झाल्या की समजायचं, आता बरोबर दिशेला चाललोय. या नव्या डिजिटलमध्ये मुंग्याच नाहीत. एकतर स्वच्छ चित्र, नाहीतर काळा पडदा. अधलंमधलं काही नाही. जाऊबाई वरून ओरडत, “आलं का?” आणि मी आतून, “नाही!” पुन्हा “आलं का?” पुन्हा “नाही!” शेजारच्या बाया कंटाळून घरी गेल्या.

मग वाकडा डबा लावला. तो तसाच दिसायला दरिद्री. पण त्याच्यात चॅनलचा आकडा हातानं घालायची सोय होती. आकडा भाच्यानं चाचांना फोनवर सांगितलेला होता. तो घातल्याबरोबर पडद्यावर दोन पट्ट्या उमटल्या. चित्र नव्हतंच, पण पट्ट्या हलत होत्या. जाऊबाईंनी वर पाइप थोडा फिरवला की खाली पट्टी थोडी सरकायची.

“हलली! परत फिरवा! नाही, टाकीकडे!”

यातली पहिली पट्टी जोराची, दुसरी खरेपणाची. पहिली पट्टी पाहून आम्ही फसलो. चाचांनी टीव्हीच्या मागे बूस्टर लावला आणि पहिली पट्टी एकदम काठोकाठ भरली. चाचांनी टाळी वाजवली. पण चित्र काही येईना. दुसरी पट्टी शून्यावरच होती. बूस्टर नुसता गोंगाट मोठा करत होता. मग मी म्हटलं, हा वर अँटिन्याजवळच लावून पाहू, वायरीतून खाली येईपर्यंत जे थोडंफार आहे तेही मरत असेल. चाचा म्हणाले, “होऊ शकते.” बूस्टर वर गेला. जाऊबाईंनी पाइप लिंबाच्या झाडावरून पाण्याच्या टाकीकडे आणि टाकीवरून थोडा परत असा फिरवला. दुसरी पट्टी हळूच उठली. मधेच थांबली, परत थोडी उठली, आणि पडद्यावर एक माणूस आला. स्वच्छ, रेषाही नाही. तो ऊस लावण्याबद्दल सांगत होता. आमच्या गावात ऊस कोणी लावत नाही.

मी बाहेर येऊन ओरडले. जाऊबाई छतावरून उतरल्याच नाहीत. तिथूनच म्हणाल्या, “आता त्या काळ्यालेही लाव. बरोबर दिशेले हाय आता. पाहू काय म्हणते तो.”

अँटिना नीट लागल्यावर काळा डबाही चालला. चाचा खूश झाले. “देखो, दोन्ही चालले! मग मोठावाला घ्या ना.”

“संध्याकाळी पाहू,” जाऊबाई म्हणाल्या.

“संध्याकाळी काऊन?”

“कार्यक्रम संध्याकाळी हाय.”

चाचा कुरकुरत थांबले. चहा झाला, जेवण झालं. दिवस कलला तसा म्हैसमाळहून येणारा जोर उतरला. वाकड्या डब्याची दुसरी पट्टी खाली आली, पण चित्र टिकलं. काळ्या डब्यात मात्र निवेदिकेच्या तोंडाचे चौकोन झाले, चौकोन घसरले, आवाज तुटला आणि पडदा काळा. निळे दिवे तेवढे चालू. जाऊबाईंनी स्वतःच्या हातानं त्याची वायर काढली आणि डबा खोक्यात घातला. चाचा तो घेऊन गेले. जाताना पुटपुटले, “इतकं पाहून तर लोक सोयरिकही जुळवत नाहीत.”

माइकवाल्यानं कळवतो म्हणून सांगितलं होतं, पण कळवलं नाही. आम्ही रोज संध्याकाळी लावून बसायचो. दूधवाढीच्या गोळ्या, ठिबकची नळी, डाळिंबाची बाग. संक्रांत झाली, हळदीकुंकू झालं. आणि एका संध्याकाळी, शेणाचे हात धुऊन जाऊबाई नुकत्याच बसल्या होत्या, तेव्हा निवेदिका म्हणाली, आता पाहू या बोंडअळीचं संकट.

आमचं वावर दिसलं. बांध दिसला. मग जाऊबाईंचे हात दिसले. फक्त हात. त्यांनी बोंड फोडलं, अळी तळव्यावर घेतली. त्यांचं तोंड दाखवलं नाही. त्या बोलत होत्या हे हातांवरूनच कळत होतं, कारण त्या बोलताना डावा हात हलवतात. आवाज मात्र सतारीचा होता. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, ‘शेतकऱ्यांच्या डोळ्यांत अश्रू आहेत.’ इतकंच. हात गेले.

त्यानंतर केंद्रवाला आला. संपूर्ण आला, तोंडासकट, मागे सरकीच्या थैल्यांची चळत. आवाज स्पष्ट. तो म्हणाला, “शेतकरी बांधव नियम पाळत नाहीत. प्रत्येक थैलीत बिगर-बीटी सरकीचं लहान पाकीट असतं. ते बांधाच्या कडेनं लावायचं असतं, म्हणजे अळीला सवय लागत नाही. शेतकरी ते पाकीट फेकून देतात. मग अळी येणारच. दोष सरकीचा नाही, दोष अज्ञानाचा आहे.”

ते पाकीट आम्हाला चांगलं माहीत होतं. थैली देताना तो स्वतःच ते बाहेर काढायचा आणि म्हणायचा, ‘हा कचरा हाय, फेकून द्या, कायले जागा अडवता.’ त्याच्या दुकानाच्या मागच्या नालीत ती पाकिटं पडलेली असत आणि पावसात तिथं रानटी पऱ्हाटी उगवायची. गावातली शाळेची पोरंसुद्धा ते सांगू शकली असती.

कार्यक्रम संपला. मी जाऊबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुरू होईल. पडद्यावर कोंबड्यांचं काहीतरी लागलं होतं, तेच त्या बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “एक अक्षर नाई ठेवलं वं.” आणि उठून भाकरी टाकायला गेल्या. मी त्यांना त्या पूर्ण वर्षात, पऱ्हाटी उपटतानासुद्धा, इतकं गप्प पाहिलं नव्हतं. वावर गेल्याचं त्यांना दुःख झालं होतं, पण ते दुःख त्यांना ओळखीचं होतं. आपण नीट, विचार करून, एकेक गोष्ट सांगितली आणि कोणीतरी ती पुसून तिच्यावर सतार वाजवली, हे त्यांना नवीन होतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दोन-तीन दिवसांनी केंद्रवाला आमच्या दारात उभा. त्याच्या औरंगाबादच्या पाहुण्यांनी त्याला टीव्हीवर पाहिलं होतं. गावभर तो सांगत सुटला होता आणि गावात कोणाच्या छत्रीवर तो दिसत नव्हता. लोक म्हणायला लागले होते, थापा मारतो.

“वहिनी,” तो म्हणाला, “रविवारी सकाळी परत दाखवतात म्हणे. तुमच्याकडं येते ना म्हैसमाळ?”

याच माणसानं अँटिना म्हणजे भंगार असं सांगितलं होतं. ते त्याला आठवत नव्हतं. अशा माणसांना स्वतः बोललेलं कधीच आठवत नसतं, म्हणूनच ती इतक्या निवांतपणे जगतात.

मला वाटलं, जाऊबाई दार लावतील. त्या म्हणाल्या, “या ना भाऊ. समद्यायलेच घेऊन या. मी टीव्ही भाईर काढते.”

त्यांनी खरंच टीव्ही ओट्यावर काढला. आणि मग त्या स्वतः वस्तीत आणि वस्तीबाहेर घरोघर गेल्या. विहारासमोर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगितलं, पलीकडच्या गल्लीत सांगितलं, ज्यांनी ज्यांनी त्याची थैली घेतली होती त्या सगळ्यांना सांगितलं. “रविवारी या. केंद्रवाले भाऊ टीव्हीवर हायेत. तुमच्याबद्दल बोलतेत.”

रविवारी सकाळी धुकं होतं आणि पट्टी भरपूर वर होती. केंद्रवाला इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आला. सोबत मेहुणा, हातात मोबाइल, फोटो काढायला. आम्ही खुर्ची दिली, चहा दिला. अंगण भरलं होतं. जाऊबाईंचे हात आले आणि गेले. कोणीतरी म्हणालं, “हे तं तुमचे हात हायेत.” मग तो पडद्यावर आला आणि खुर्चीतला तो थोडा पुढे सरकून ताठ बसला.

पाकिटाचं वाक्य आलं तेव्हा मागं उभे असलेले पुढे सरकले. शेवटचं वाक्य, ‘दोष अज्ञानाचा आहे’, सगळ्यांनी नीट ऐकलं. हवा इतकी चांगली होती की एक शब्द तुटला नाही.

जाऊबाईंनी आवाज बंद केला. “भाऊ, ते पाकीट फेका म्हणून कोण सांगे?”

केंद्रवाला हसला. आजूबाजूला पाहिलं, कोणी हसत नव्हतं. “वहिनी, टीव्हीवर तसंच बोला लागते.”

“अन् दुकानात?” मागून एकानं विचारलं. त्याची सगळी पऱ्हाटी गेली होती. “दुकानात कसं बोला लागते बे?”

आता लोक हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. केंद्रवाल्यानं चहा तसाच खुर्चीखाली ठेवला, मेहुण्याला खूण केली आणि निघाला. गल्लीच्या तोंडापर्यंत ते हसणं त्याच्या मागं गेलं. जाऊबाईंनी त्याचा कप उचलून मोरीत उपडा केला.

मला त्या दिवशी वाटलं होतं, आता याचं दुकान बसलं. मी मूर्खच म्हणायची. मृग लागला आणि त्याच्या दुकानासमोर नेहमीची रांग लागली. ‘दुकानात कसं बोला लागते’ असं विचारणारा तो माणूस रांगेत सगळ्यांच्या पुढे होता. त्यानंच माझ्याकडे पाहून सांगितलं, “काय करता ताई, माल आधी यायच्याच दुकानात येते.” थैली नवीन होती, तिच्यावरचं बोंड आणखी पांढरं होतं, आणि दुकानदार तीच ती गॅरंटी देत होता. हसणं आणि विकत घेणं या दोन गोष्टींचा लोकांच्या डोक्यात एकमेकींशी काही संबंध नसतो.

जाऊबाईंनी त्या साली कापूस लावला नाही. मका आणि तूर लावली. दीर फोनवरून रागावले, लोक काय म्हणतील वगैरे. त्या म्हणाल्या, “लोकायचं मी पाह्यलं अंगणात.” मका बरा झाला, फार नाही. तुरीला भाव नव्हता. पण वावरात जाताना त्यांची चाल आधीसारखी झाली, हे मी पाहिलं. टीव्ही त्या काही महिने बघत राहिल्या. मग पावसाचा अंदाज पाऊस पडून गेल्यावर सांगतात म्हणून तोही सोडला.

दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघी बुलढाण्याला जायला निघालो. एसटीचा थांबा केंद्रवाल्याच्या दुकानासमोरच. दुकानावर नवा, रंगीत फलक लागला होता. त्यात तो टीव्हीवर बोलताना दिसत होता, खाली ‘दूरदर्शी मार्गदर्शक’ असं काहीसं लिहिलेलं. फोटो आमच्याच टीव्हीचा होता, मेहुण्यानं त्या रविवारी काढलेला. कोपऱ्यात आमच्या ओट्याचा शेणानं सारवलेला काठ दिसत होता आणि त्याच्या गालावरून पडद्यावरच्या धुळीचा एक लांब फराटा गेला होता.

जाऊबाईंनी फलक नीट वाचला. पदर खोचला.

“काच पुसायची राह्यली होती त्या दिवशी,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“बरं झालं नाई पुसली,” त्या म्हणाल्या, आणि बस आली तशी जागा धरायला पुढे झाल्या.